कॉलरच्या आतला हात

हर्षलचा कोट मी नीट पाहिला तो हर्षल गेल्यावर.

अनिसा मुजावर नावाच्या बाई तो घेऊन आमच्या घरी आल्या. कोट त्यांनी दोन्ही हातांवर आडवा धरला होता. घडी घातली नव्हती, कारण घडी पडली की आतल्या धाग्यांवरचं वाचता येत नाही, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. सोबत गाडी होती, गाडीत माणूसही होता, पण कोट त्यांनी कुणाच्या हाती दिला नाही. माझी सून ऋतुजा हिने पलंगावर धुतलेली चादर अंथरली आणि बाईंनी कोट तिच्यावर ठेवला. उसवायच्या आधी तो घरच्यांना दाखवायचा, असा त्यांच्याकडे नियम होता.

मी बघत राहिलो. बाह्या काळवंडल्या होत्या, पण कापड कुठे फाटलं नव्हतं की जळून भोक पडलं नव्हतं. आणि हाच कोट घातलेला माझा मुलगा पाठीवर आणि खांद्यांवर पोळून गेला होता.

"कोट धड आहे आणि माणूस गेला," बाई म्हणाल्या. "काका, मी याच्यासाठीच आलेय."

त्या मिरजेकडच्या. कापडाच्या शास्त्रात शिकलेल्या. आग विझवताना जी माणसं मरतात त्यांच्या मृत्यूचा अभ्यास करणारं एक केंद्र सरकारने काढलं होतं, तिथे त्या तपासाचं काम बघत. आम्ही दोषी शोधत नाही, असं त्यांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं. अहवालात कुणाचंच नाव नसतं. पुढचा माणूस मरू नये म्हणून काय बदलायचं, तेवढंच त्यात लिहितात.

"म्हणजे ह्यांचं नावही नसणार," ऋतुजा म्हणाली.

"नसणार. नाव तुमच्याकडे राहील."

ऋतुजाने मान फिरवली. मला मात्र त्या बाईचं सरळ बोलणं बरं वाटलं. तोवर जे जे कोणी येऊन गेले होते त्यांनी हर्षलला वीर म्हटलं होतं, आणि दाराबाहेर पडल्यावर दुसरंच काही म्हटलं होतं.

ते दुसरं काय, ते सांगायला हवं. आमच्या खारवलीच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्याचं गोदाम पेटलं होतं. हल्ली आगीत आधी यंत्रं जातात, पट्ट्यांवर चालणारी, नळी ओढत नेणारी. त्या दिवशी वितळलेल्या प्लास्टिकात यंत्राचे पट्टे रुतले आणि आत एक कामगार अडकलेला होता. मग हर्षल आणि त्याचा जोडीदार प्रणित आत गेले. प्रणितने कामगाराला खांद्यावर टाकून बाहेर आणलं. हर्षल मागे राहून त्यांच्या वाटेवर पाणी मारत होता. कामगार वाचला, प्रणित वाचला, हर्षल आतच कोसळला. लोक विचारू लागले, माणूस बाहेर निघाला होता ना, मग हा आत कशाला थांबला? त्याच्या अंगावर शहाणा कोट होता. कोटाने सांगितलं असणार, बाहेर निघ. याने ऐकलं नाही. हट्टी पोरगं. बंबखान्यातल्या साहेबांच्याही तोंडात तेच होतं.

हर्षल हट्टी नव्हता. लहानपणी मिठागराच्या बांधावरून पळू नकोस म्हटलं की चालत येणारा मुलगा होता तो. पण मेलेल्या माणसाच्या बापाचं म्हणणं कोण धरतं? मला बाईंकडून एकच गोष्ट हवी होती आणि ती मी मागून घेतली. त्याने कोटाचं ऐकलं की नाही, ते मला सांगा. जे असेल ते सांगा.

"जे असेल ते," बाई म्हणाल्या, आणि कोट तसाच हातांवर घेऊन गेल्या.

त्या कोटाला बंबखान्यातली मुलं शहाणा कोट म्हणत. त्याचे तीन थर. वरचा थर ज्वाळा अडवतो, मधला पाणी आणि वाफ अडवतो, आतला अंगाला लागतो. आतल्या थरात बारीक धागे विणलेले असतात. ते अंगापर्यंत किती उष्णता पोचते आहे ते मोजत राहतात आणि हिशेब करतात, की हा माणूस अजून किती तग धरील. तग संपत आला की मनगटावरचा पट्टा आवळला जातो. आगीच्या आवाजात कान चालत नाहीत, धुरात डोळे चालत नाहीत, म्हणून हा स्पर्शाचा इशारा. आवळलं की वळायचं. आणि आणखी काही धागे असे की त्यांना उष्णता लागली की ते आतल्या आत दुमडतात आणि पुन्हा कधी सरळ होत नाहीत. कोट बंद पडला, फाटला, तरी दुमड राहते. कुठे, किती आणि किती वेळ आच लागली, ते तिच्यावरून वाचता येतं.

वाचायला महिने लागले. बाई मधूनमधून येत. कधी काही सांगायला, कधी नुसतं विचारायला. हर्षल उजव्या हाताचा की डाव्या? धावताना वाकायचा का? ऋतुजा उत्तरं द्यायची, पण चहा ठेवायची नाही. तिच्या मनात होतं, की ही बाई मेलेल्या माणसावर आपलं काम उभं करते आहे.

एका दुपारी बाई आल्या, खुर्ची माझ्याजवळ ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "काका, त्याने ऐकलं होतं."

पट्टा पहिल्यांदा आवळला त्याच क्षणी हर्षल वळला होता. छातीवरची आच एकदम पाठीवर गेली होती, म्हणजे आगीला सामोरा असलेला माणूस फिरला होता. पुढची दुमड सगळी दाराकडे जाणाऱ्या माणसाची होती. इशारा आला तेव्हा तो वळला, चालला आणि वाटेत पडला. इशाराच उशिरा आला होता.

ऋतुजा आत उभी होती. थोड्या वेळाने तिने चहा आणला आणि बाईंच्या हातात कप दिला.

मला वाटलं, माझं काम झालं. बाईंचं झालं नव्हतं. शहाण्या कोटाला उशीर का झाला? कोट करणारी कंपनी म्हणत होती, कोट चोख आहे, हजारो ठिकाणी चालतो. बाईंनी मोठ्या पडद्यावर मला एक चित्र दाखवलं. आतल्या थराच्या कापडावर पांढरे चौकोनी खडे, एकाला एक लागून. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, कारण मी जन्मभर तेच केलं होतं. आता आमच्या मिठागरांवर सौरपट्ट्या आहेत, पण मीठ धरताना मी खूप पाहिलंय.

"मीठ आहे हे," मी म्हटलं. "घामाचं?"

घामाचं नव्हतं, हे बाईंनी आधीच तपासून ठेवलं होतं. घामात नसतात असे समुद्राचे क्षार त्यात होते. म्हणजे खाडीचं पाणी. आग विझवायचं पाणी बाहेरून झिरपलं म्हणावं, तर मधला थर ते आत येऊच देत नाही, आणि त्या दिवशीच्या पाण्यात फेस होता, त्याचा इथे मागमूस नव्हता. मिठाचा दाट पट्टा कॉलरच्या मागून निघून खांद्यांवरून पाठीवर उतरला होता. पाणी वरून, मानेतून ओतलेलं होतं, आणि आत जायच्या आधी ओतलेलं होतं.

पाण्याने काय होतं, ते त्यांनी मला साध्या शब्दांत सांगितलं. चुलीवरच्या भांड्यात पाणी असेतोवर भांडं पाण्यापेक्षा फार तापत नाही. तसं ओल्या कोटात झालं. येणारी सगळी आच पाणी पीत राहिलं. धाग्यांना वाटलं, बाहेर फारशी आग नाही, माणूस खुशाल आहे. मग पाण्याची वाफ होऊ लागली. मधला थर तिला बाहेर जाऊ देत नाही, म्हणून ती आत वळली, अंगाच्या गारव्याला येऊन निवली, आणि निवताना तिच्यात होती नव्हती ती सगळी आच कातडीला देऊन गेली. पट्टा आवळला तो तेव्हा.

"कोण ओतेल पाणी?" मी विचारलं.

बाईंनी बंबखान्यात प्रत्येकाला विचारलं होतं. कोटात पाणी घालता का? नाही मॅडम. कुणी घालताना पाहिलंय? नाही मॅडम. कोटाच्या नियमात लिहिलेलंच होतं, की आत पाणी जाऊ देऊ नये. मग हो कोण म्हणेल? प्रणितलाही विचारलं. तोही नाही म्हणाला.

प्रणित आमच्या मागच्या आळीतला. हर्षलबरोबर वाढलेला, आमच्याच ताटात जेवलेला. हर्षल गेल्यापासून तो रोज संध्याकाळी यायचा, नळाला पाणी नसलं की वसाहतीतल्या टाकीवरून दोन हंडे आणून ठेवायचा, थोडा वेळ बसायचा आणि जायचा. बोलायचा नाही. उकाड्यातही मानेला रुमाल गुंडाळलेला असायचा. मी एकदा म्हटलं, अरे सोड की तो. तर म्हणाला, धूळ फार असते, तात्या.

शेवटी बाईंनी केंद्रातच चाचणी ठेवली. घरच्यांतर्फे मला बोलावलं, बंबखान्यातर्फे प्रणितला. तिथे एक भट्टीसारखी खोली होती, जाड काचेची खिडकी असलेली, आणि आत माणसाएवढा पुतळा. त्याला घाम येतो, त्याच्या कातडीत माणसाच्या कातडीसारखी गरम-गार कळण्याची सोय असते. तिथली मुलं त्याला पाहुणे म्हणत, कारण सगळा दिवस त्याला कपडे घालण्यात आणि पाणी पाजण्यात जायचा. "पाहुणे तयार आहेत," असं एकाने ओरडून सांगितलं तेव्हा मला हर्षलच्या लग्नाची आठवण झाली.

पहिल्यांदा कोरडा कोट. खोली पेटली. पडद्यावरची रेघ हळूहळू चढली आणि पट्टा आवळला. बाई म्हणाल्या, आता हा माणूस वळला तर चालत बाहेर येतो. पाहुण्यांच्या कातडीला काही झालेलं नव्हतं.

दुसऱ्यांदा ओला कोट. केंद्रातला एक मुलगा काचेच्या नळीने पाहुण्यांच्या खांद्यावर बेताने पाणी सोडू लागला. प्रणित माझ्याशेजारी उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मुलाने पुन्हा नळी भरली, आणि प्रणित पुढे गेला.

"असं नाही," तो म्हणाला.

त्याने त्या मुलाच्या हातातली नळी बाजूला ठेवली. मग डाव्या हाताने पाहुण्यांचं हेल्मेट किंचित पुढे ढकललं, दोन बोटांनी मागची कॉलर ओढून धरली आणि उजव्या हाताने बादलीतून पाण्याचा मग भरून मानेत उपडा केला. लगेच दुसरा. मग कॉलर सोडून पाठीवर थाप मारली. सगळं एका झटक्यात, न बघता, सवयीच्या हाताने. थाप मारल्यावर तो तिथेच थांबला. हात पुतळ्याच्या पाठीवर तसाच होता.

बाईंनी त्याला हाताला धरून बाहेर आणलं आणि खोली पेटवायला सांगितली.

रेघ चढलीच नाही. बाहेर आग दिसत होती, आणि पडद्यावर सगळं निवांत. बराच वेळ निवांत. मग ती रेघ उभीच्या उभी वर गेली, पट्टा आवळला, आणि पाहुण्यांची पाठ पडद्यावर लाल झाली.

प्रणितने मानेवरचा रुमाल सोडला. खाली वाफेने पोळल्याचा डाग होता, कॉलरच्या आकाराचा.

"आम्ही एकमेकांना घालायचो, तात्या," तो म्हणाला. "मी त्याला, त्याने मला. मी आधी बाहेर आलो."

मग त्याने सगळं सांगितलं. जुन्या काळी जाड लोकरी कोट असायचे. ते भिजवून आत जात, आणि तेव्हा त्याचा उपयोगही होत असे. खाडीचं पाणी लवकर सुकत नाही, असं जुने फोरमन मानायचे, म्हणून बंबावर खाऱ्या पाण्याचा एक कॅन कायम भरलेला. कोट बदलले, कॅन राहिला. नव्या मुलाला पहिल्यांदा पाणी घालताना सगळे म्हणत, नवरदेवाची आंघोळ झाली. कुणाला शिकवावं लागत नव्हतं आणि कुणी साहेबांना सांगत नव्हतं.

परतताना मी गाडीत पुढे बसलो. प्रणित मागे. मी वळून पाहिलं नाही. त्या हाताने मग उपडा केलेला मी पाहिला होता, आणि त्या पुतळ्याच्या जागी मला माझा मुलगा दिसत होता.

घरी मी ऋतुजाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊजींना म्हणावं, पाणी आणायला येऊ नका."

मला ते म्हणावं लागलं नाही. तो आलाच नाही. गावात मात्र गोष्ट पसरली. हट्टी म्हणून ज्यांनी हर्षलला नावं ठेवली होती, तीच तोंडं आता प्रणितकडे वळली. बंबखान्यात त्याच्याबरोबर जोडी करायला कुणी तयार होईना. मी टाकीवर जायची वाट बदलली. माझ्या मुलाचं नाव धुऊन निघालं होतं, आणि ते ज्याने धुतलं त्याचं तोंड मला बघवत नव्हतं.

बाईंचं काम मात्र वाढलं. एकाने तोंड उघडल्यावर दुसऱ्या गावांच्या बंबखान्यांतूनही माणसं बोलू लागली. कुठे कॅन, कुठे ओला पंचा, कुठे बर्फाचं पाणी. बाईंनी केंद्राच्या कोठारातले जुने कोट काढले, आधी मेलेल्या माणसांचे, आणि एकेक पुन्हा वाचला. काहींत पाण्याच्या खुणा सापडल्या. त्या माणसांनाही कुणी हट्टी म्हटलं होतं, कुणी निष्काळजी. बाई त्या प्रत्येक घरी स्वतः गेल्या. फोनवर सांगता आलं असतं. एका घरी फक्त म्हातारी आई उरली होती आणि तिला नीट ऐकू येत नव्हतं, तर बाई दिवसभर तिच्याजवळ बसून होत्या. हे मला त्यांच्या गाडीवाल्याने सांगितलं. त्या स्वतः असलं काही सांगायच्या नाहीत.

मग नवा नियम ठरवायची बैठक झाली. साहेब लोक होते, कंपनीची माणसं होती, घरच्यांतर्फे मी होतो. भिंतीकडच्या खुर्चीवर प्रणित होता. बाईंनी बोलावल्यामुळे आलेला. साहेबांचं म्हणणं सोपं होतं. पाणी घातलं तर नोकरी जाईल, असं लिहा. बाई म्हणाल्या, पाणी घालू नये हे आजही लिहिलेलंच आहे. आपण शिक्षा लावू, मुलं आणखी लपवतील आणि आपल्याला पुन्हा मेलेल्या माणसाच्या कोटातून कळेल. मग त्या प्रणितकडे वळल्या.

"कोट बदलला तरी तुम्ही पाणी का सोडलं नाही?"

तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. मग म्हणाला, "पाण्याचं एवढं नव्हतं, मॅडम. आत जायच्या आधी मागून कुणाचा तरी हात लागतो. तो लागला की पाऊल उचलतं."

कंपनीचा एक माणूस हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि त्या बैठकीतून जो नियम निघाला तो असा: आगीत जाण्यापूर्वी जोडीदाराने कोटाची कॉलर मागून ओढावी, उघडा तळवा आत घालून अस्तर तपासावं आणि कोरडं असल्यास तसं मोठ्याने सांगावं. ओलं असल्यास कोट बदलल्याशिवाय आत जाऊ नये. सगळा अहवाल मी स्वतः वाचला. उतारवयात ऋतुजाने मला अक्षरं शिकवली, म्हणून मला ते जमलं. त्यात कुणाचंच नाव नव्हतं. पण कॉलर मागून ओढावी हे वाचलं तेव्हा ते कुणाच्या हाताचं आहे, ते मला कळत होतं. पुढे तोच नियम भट्ट्यांवरच्या आणि बॉयलर साफ करणाऱ्या कामगारांनाही लावला.

एप्रिलमध्ये बंबखान्याच्या पटांगणात नव्या नियमाची पहिली कवायत झाली. मांडव, खुर्च्या, पाहुणे. मी आणि ऋतुजा पुढच्या रांगेत, बाई आमच्या पलीकडे. कोट घातलेल्या जोड्या उन्हात उभ्या होत्या. शेवटी प्रणित. त्याच्या मागे कुणी नव्हतं. ज्याची नेमणूक झाली होती तो मुलगा सकाळी आजारी पडला, असं सांगण्यात आलं. शिट्टी झाली. मागचे पुढे आले, कॉलर ओढल्या, कोरडा, कोरडा, असे आवाज ओळीने येत गेले आणि प्रणितपाशी येऊन थांबले. तो सरळ समोर बघत उभा होता.

मी उठलो. उठेन असं मला वाटलं नव्हतं. त्याच्या मागे जाऊन मी कॉलर ओढली. तो डाग तिथे होता. मी तळवा आत घातला आणि अस्तराला लावून धरला.

माझे तळवे मिठाने खाल्लेले आहेत. जाड, भेगाळलेले. गरम-गार कळतं, ओल कळत नाही. कोरडा म्हणून टाकणं सोपं होतं. सगळे त्याचीच वाट बघत होते, फोटोवालाही पुढे आला होता. पण बाई समोर बसल्या होत्या. वर्षभर त्या माझ्याशी एकदाही न बघितलेलं बघितलं म्हणाल्या नव्हत्या.

"ऋतुजा," मी म्हटलं. "माझ्या हाताला कळत नाही. तू बघ."

ती बसून राहिली. पदराचं टोक तिने मुठीत धरलं होतं. प्रणितने मान किंचित खाली घातली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ती आली, माझा हात तिने बाजूला केला आणि स्वतःचा आत घातला. मानेपासून खांद्यापर्यंत, मग दुसऱ्या खांद्यापर्यंत. घाई केली नाही.

"ओला आहे," ती म्हणाली.

मांडवात कुजबूज झाली. साहेब पुढे वाकून म्हणाले, ताई, कवायत आहे, उन्हाचा घाम असेल, चालेल.

"घामाने ओला आहे," ऋतुजा म्हणाली. "भाऊजी, बदलून या."

प्रणित वळला. त्या चाचणीनंतर त्यांनी पहिल्यांदा एकमेकांकडे पाहिलं. मग तो आत गेला. पाहुणे ताटकळले, बंबाचं इंजिन नुसतंच चालू राहिलं. अनिसाबाई मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसल्या होत्या, जगातला सगळा वेळ आपलाच असल्यासारख्या.

तो दुसरा कोट घालून आला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. ऋतुजाने पुन्हा कॉलर ओढली, पुन्हा हात आत घातला, पुन्हा दोन्ही खांद्यांपर्यंत नेला.

"कोरडा," ती म्हणाली, आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्याने पाऊल उचललं.